विषय निवडताना, प्राध्यापक निवडता येत नसताना

जालना जिल्ह्यातली पदवी महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यामुळे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ‘मेजर’ (मुख्य), ‘मायनर’ (दुय्यम), ‘ओपन इलेक्टिव्ह’ असे रकाने भरावे लागतात. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा. बी.एस्सी.वाल्याला इथे कला किंवा वाणिज्याकडे वळावे लागते.

विषयांची यादी लांबलचक असली, तरी शिकवायला माणूस असेल तेवढेच विषय महाविद्यालय देऊ शकते. तेव्हा विद्यापीठाची यादी बाजूला ठेवून आधी महाविद्यालयाची यादी मागा.

प्राध्यापक निवडण्याची चैन मात्र इथे फारशी नाही. बहुतेक विषयांना एकच तुकडी, एकच शिक्षक. त्यातही ते तासिका तत्त्वावर असतील तर पुढच्या वर्षी तेच दिसतील याची खात्री नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठा, पण ‘मार्क कोण देतं’ हे विचारू नका. तास नियमित होतात का आणि प्रात्यक्षिके खरोखर घेतली जातात का, ते विचारा.

मंठा, घनसावंगीहून येणाऱ्यांनी वेळापत्रक एसटीच्या वेळांशी ताडून पाहावे. शेवटचा तास रोज बुडणार असेल तर विषय कितीही आवडीचा असो, घेऊ नये.

क्रेडिट जमा होण्यासाठी ‘एबीसी’ (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खाते लागते. ते प्रवेशावेळीच उघडा; नाव आधार कार्डाप्रमाणेच हवे.