कुरडयांचा चीक करताना सांभाळा

उन्हाळा लागला की अंगणात, गच्चीवर वाळवणाची लगबग सुरू होते. याच दिवसांत दवाखान्यात पोळलेली मुले येतात. त्याचे एक कारण म्हणजे कुरडयांचा शिजलेला चीक!

उकळते पाणी सांडले तर बरेचसे वाहून जाते. चीक मात्र कातडीला चिकटून बसतो आणि आतपर्यंत पोळत राहतो. 60 अंश सेल्सिअसचे पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी साधारण 5 सेकंदांत खोलवर भाजू शकते. मुलांना त्याहून कमी वेळ पुरतो. चुलीवरचा चीक तर याहून कितीतरी गरम असतो.

म्हणून चुलीचे दगड पक्के बसवा, पातेले डुगडुगता कामा नये. एकीने चीक हाटावा, दुसरीने पातेले धरावे. अंगावर सुती कपडे असावेत, पदर व ओढणी खोचलेली असावी. गरम चिकाचे पातेले घेऊन जिना चढू नका. चुलीभोवती चार हातांवर खडूची रेघ ओढा आणि मुलांना तिच्या आत येऊ देऊ नका. मुलांना चीक खायचा असतोच, पण तो ताटलीत पसरून, कोमट करूनच द्या.

चूल पेटवण्याआधी दोन बादल्या पाणी भरून सावलीत ठेवा. कोणी पोळलेच, तर पहिले औषध हेच. पोळलेल्या भागावर लगेच 20 मिनिटे गार पाणी ओता. पाणीटंचाई असेल तर खाली घमेले ठेवा, ते पाणी झाडांना घालता येईल. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. पाण्याने सुटेल तेवढाच चीक सुटू द्या, ओरबाडू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नका. ते खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात आणि जखम चिघळू शकते. फोड फोडू नका. धुतलेल्या सुती कापडाने जखम सैलसर झाका.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे 1 टक्का. जखम त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे वा गुप्तांग पोळले असेल, तर तडक रुग्णालय गाठा. लहान मूल असेल तर जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारायला विसरू नका.