हरणांचा झीजरोग आणि शिकारी

वन्य प्राण्यांच्या रोगांचा विचार सामान्यतः त्या प्राण्यांच्याच दृष्टीने केला जातो. परंतु जेथे हरणाची शिकार कायदेशीर असून तिचे मांस घरच्या अन्नाचा भाग आहे, तेथे असा रोग आरोग्यशास्त्राचाही विषय होतो. उत्तर अमेरिकेतील ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हे याचे उद्बोधक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यास ‘झीजरोग’ असे म्हटले आहे.

१९६७ साली कोलोरॅडो राज्यातील एका संशोधन-केंद्रात पाळलेल्या म्यूल जातीच्या हरणांत हा रोग प्रथम आढळला. हरणे खंगत, त्यांची लाळ गळे, ती मान खाली घालून उभी राहत आणि अखेरीस मरत. १९७८ साली एलिझाबेथ विल्यम्स यांनी अशा हरणांच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र झालेला दिसला व हा रोग मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ रोगाच्या कुळातील असल्याचे निश्चित झाले. १९८१ मध्ये तो कोलोरॅडोतील रानटी एल्कमध्ये, २००२ मध्ये दूरच्या विस्कॉन्सिन राज्यात आणि २०१६ मध्ये नॉर्वेतील रेनडिअरमध्ये आढळला.

या रोगाचे कारण जीवाणू नव्हे आणि विषाणूही नव्हे. प्राण्याच्या शरीरातील एका स्वाभाविक प्रथिनाची घडी बिघडते, आणि हे विकृत प्रथिन संपर्कात येणाऱ्या निरोगी प्रथिनालाही आपल्याच रूपात आणते. अशा प्रथिनास स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली ‘प्रिऑन’ हे नाव दिले. या कार्याबद्दल त्यांस १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रिऑन शिजविण्याने नष्ट होत नाही. लाळ, मूत्र, विष्ठा व मृतदेह यांतून तो मातीत मिसळतो आणि तेथे वर्षानुवर्षे रोगकारक राहतो. या रोगावर औषध नाही.

शिकाऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. आजारी जनावर चालीवरून व अंगकाठीवरून ओळखावे, ही त्याची परंपरागत विद्या. झीजरोगात मात्र संसर्गानंतर लक्षणे दिसेपर्यंत बहुधा वर्षाहून अधिक काळ लोटतो. या अवधीत हरीण पुष्ट व चपळ दिसते, तरी रोग पसरवीत असते. म्हणजे जेथे डोळ्यावर भिस्त होती, तेथे आता प्रयोगशाळेवर ती ठेवावी लागते.

हे मांस खाल्ल्याने मनुष्यास रोग होतो काय? आजवर असा एकही रुग्ण सिद्ध झालेला नाही. तथापि याबाबतचे दोन पूर्वदाखले परस्परविरुद्ध आहेत. स्क्रेपी मेंढ्यांत अडीचशेहून अधिक वर्षे ज्ञात असून तो मनुष्यास झाल्याचे दिसलेले नाही. उलट, ब्रिटनमधील गुरांचा त्याच कुळातील रोग मनुष्यात संक्रमित झाल्याचे १९९६ मध्ये उघड झाले. यास्तव रोगग्रस्त भागातील हरणाची तपासणी करवून घ्यावी व रोग आढळल्यास मांस खाऊ नये, असा अमेरिकेतील आरोग्य-यंत्रणेचा सल्ला आहे. तपासणीसाठी हरणाच्या डोक्यातील लसिकाग्रंथी अथवा मेंदूच्या बुंध्याचा भाग घेतात. रोग आढळला नाही, याचा अर्थ मात्र हरीण निःसंशय निरोगी होते असा नव्हे. अगदी अलीकडचा संसर्ग तपासणीतून निसटू शकतो.

जनावर सोलताना हातमोजे घालावेत, मेंदू व पाठीचा कणा कापू नये, हाडे वेगळी करून मांस घ्यावे, आणि अवशेष दुसऱ्या प्रदेशात नेऊन टाकू नयेत, हे नियमही याच विचारातून आले आहेत. रोगग्रस्त मृतदेह मोटारीतून शेकडो मैल जाऊ शकतो, इतका दूरचा प्रवास हरीण स्वतः क्वचितच करते.

येथे एक पेच उद्भवतो. भीतीने शिकारी रानापासून दूर राहिले, तर हरणांची दाटी वाढेल व संसर्गास वाव मिळेल. शिवाय रोग कोठवर पोहोचला हे कळण्याचे मुख्य साधनच नाहीसे होईल, कारण तपासणीचे बहुसंख्य नमुने शिकाऱ्यांकडूनच येतात. शिकारी हा या रोगाचा संभाव्य वाहक आहे, तसाच तो त्याचा पहारेकरीही आहे. त्यास घाबरवून सोडणे अथवा खोटा दिलासा देणे, दोन्ही सारखेच घातक. जे सिद्ध झाले आहे आणि जे झालेले नाही, ते दोन्ही त्याच्यापुढे स्पष्टपणे मांडणे हेच शास्त्राचे कर्तव्य होय.