चष्म्याचं घर

बालवाडीच्या पहिल्या दिवशी नातू रडला नाही. तिसऱ्या दिवशी रडला, आणि असा रडला की नेरूळच्या आमच्या गल्लीतला इस्त्रीवालाही बाहेर येऊन बघायला लागला. पहिले दोन दिवस नव्या खेळण्यांची मौज असते; आता रोजच यायचंय, हे तिसऱ्या दिवशी उमगतं.

याच्या बापाला वाशीच्या एका बालवाडीत घातलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "खेळतोय तोवर सटका." मी सटकले. पुढे महिनाभर पोरगं मला बाथरूमलाही एकटीला जाऊ देईना. पाठ वळली की आई गायब होते, एवढंच तो त्या दिवशी शिकला होता. म्हणून या वेळी सुनेला बजावलं: रडला तर रडू दे, पण सांगून निघ. आणि एकदा सांगितलं की निघच. गेटपाशी चौथा पापा घेत उभं राहिलं की मुलाला वाटतं, आईलाच ही जागा बरी वाटत नाहीये.

"लवकर येते" हेही आम्ही सोडलं. तीन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. प्रार्थना, मग डबा, मग गोष्ट, मग आजी. एकदा पावसात रिक्षा मिळेना, गोष्ट संपली तरी आजी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून पाढे.

मग बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आठवल्या. त्या १९४५ मध्ये मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. आमच्या सोसायटीत कसलं अंगण, पार्किंग आहे! मग घरातलंच थोडं शाळेत पाठवलं. वर्गातल्या ताई हिंदी बोलणाऱ्या. त्यांना घरचे शब्द लिहून दिले: शू, शी, झोप आली की 'गाई'. आणि नातवाच्या दप्तरात माझ्या चष्म्याचं रिकामं घर. ही त्याचीच मागणी. घर त्याच्याकडे असलं की आजी ते न्यायला येणारच, असा त्याचा हिशेब.

काल घ्यायला गेले तर म्हणाला, "थांब, गोष्ट राहिलीय." रात्री ते घर उघडलं. आत खडूचा तुकडा आणि अर्धं बिस्कीट. चष्मा मात्र आठवडाभर उशीखाली ठेवतेय, एक काडी वाकलीसुद्धा.