मिलिंग मशीनला ड्राइव्ह निवडताना

मिलिंग मशीनचा स्पिंडल किती वेगाने फिरवायचा, हे कटरचा व्यास आणि कापायचा धातू या दोन गोष्टींवर ठरते. साध्या एमएसवर एचएसएसचा कटर मिनिटाला साधारण २५ मीटर कटिंग स्पीडने चालवतात. त्या हिशेबाने २० मिलिमीटरच्या एंडमिलला मिनिटाला ४०० फेरे पुरतात. तेच ६ मिलिमीटरची एंडमिल ॲल्युमिनियमवर चालवायची म्हटली, तर ४,००० फेरेही जास्त होत नाहीत. इंडक्शन मोटरला मात्र असे निवडीचे स्वातंत्र्य नसते. ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलच्या मोटरचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि लोड आल्यावर शाफ्ट १,४४० च्या आसपास स्थिरावतो. उरलेली तफावत पुल्या आणि गिअर भरून काढतात. व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, बाजारात ज्याला नुसता ‘ड्राइव्ह’ म्हणतात, तो मोटरला जाणाऱ्या विजेचे हर्ट्झच बदलतो आणि त्यासोबत मोटरचा वेग.

मुंबईच्या गिरणगावात वेग जुळवण्याचा हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पुल्यांनीच सोडवला. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून वीज येऊ लागली आणि गिरण्या वाफेवरून विजेवर आल्या, तरी यंत्राचा वेग पुलीच्या व्यासावरच ठरत राहिला. गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या परळ, लोअर परळ इथल्या वर्कशॉपांत तयार झालेल्या फिटर-टर्नरांनी पुढे छोट्या गाळ्यांत स्वतःची कामे उभी केली. असा एखादा गाळा बंद होताना त्यातली लहान मिलिंग मशीन विकायला निघते आणि गिरगावातल्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत येऊन बसते. मशीन भक्कम असते, पण तिची मोटर थ्री फेज ४१५ व्होल्टची असते आणि घरातली वीज सिंगल फेज २३० व्होल्टची. म्हणून घरच्या वर्कशॉपमध्ये ड्राइव्हचा विचार बहुतेकदा वेगासाठी नव्हे, तर मोटर मुळात फिरावी यासाठी सुरू होतो.

ड्राइव्हच्या आत तीन टप्पे असतात. आलेली एसी वीज डायोडच्या ब्रिजमधून डीसी होते. कपॅसिटर ती साठवून सपाट करतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हा डीसी दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो. मग सहा ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन त्याच डीसीतून हव्या त्या हर्ट्झची थ्री फेज वीज घडवतात. हर्ट्झ कमी केले की व्होल्टही त्याच प्रमाणात उतरवावे लागतात, नाहीतर मोटरचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि वाइंडिंग तापते. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला हे प्रमाण हर्ट्झमागे ४.६ व्होल्ट पडते.

या रचनेतच निवडीतली सगळ्यात मोठी अडचण दडलेली आहे. सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारा साधा ड्राइव्ह थ्री फेज देतो, पण तीही २३० व्होल्टचीच. ४१५ व्होल्ट त्याच्याकडून मिळत नाहीत. म्हणून दुकानात जाण्याआधी मोटरची नेमप्लेट वाचावी आणि टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून पाहावे. आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टार जोडणीच्या असतात आणि बॉक्समध्ये तीनच वायरी येतात. वाइंडिंगची उरलेली तीन टोके आतच एकत्र बांधून त्यावर वार्निश चढवलेले असते. हीच मोटर डेल्टात जोडली, तर तिला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट पुरतात. घरच्या विजेला हे अगदी जुळते.

आतली तीन टोके बाहेर काढणे हे मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याचे काम. तो मोटरचे मागचे झाकण काढतो, वाइंडिंगच्या डोक्यावरची दोऱ्याची बांधणी उसवतो, स्टारचा सांधा शोधून मोकळा करतो, प्रत्येक टोकाला नवी वायर जोडून त्यावर स्लीव्ह चढवतो आणि पुन्हा बांधून वार्निश मारतो. मग बॉक्समध्ये सहा टोके येतात आणि पितळी पट्ट्यांनी डेल्टा जोडता येते. हाताला सवय असलेल्या कारागिराला हे जड नाही. पूर्ण रिवाइंडिंगपेक्षा खर्चही बराच कमी. ३ एचपी आणि त्यावरच्या मोटरी मात्र बहुधा आधीच ४१५ व्होल्टला डेल्टात असतात. त्यांना २३० व्होल्ट दिले, तर पूर्ण जोर साधारण २८ हर्ट्झपर्यंतच टिकतो, पुढे उतरत जातो. तिथे २३० व्होल्टला रिवाइंड करून घेणे, व्होल्ट वाढवून देणारा वेगळ्या जातीचा ड्राइव्ह शोधणे किंवा थ्री फेज जोडणी घेणे, एवढेच मार्ग उरतात.

काही लहान मशीनांवर कपॅसिटर लावलेली सिंगल फेज मोटर असते. तिला असा ड्राइव्ह लावू नये. हर्ट्झ उतरले की तिचा सेंट्रिफ्यूगल स्विच पुन्हा जुळतो आणि सुरू होण्यापुरते असलेले वाइंडिंग जळते. ती बदलून थ्री फेज मोटर बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

ड्राइव्हचा आकार एचपीवरून नव्हे, ॲम्पिअरवरून निवडावा. ४१५ व्होल्टला १.९ ॲम्पिअर घेणारी १ एचपीची मोटर डेल्टात २३० व्होल्टला सुमारे ३.३ ॲम्पिअर घेते. ०.७५ किलोवॅटचे सिंगल फेज ड्राइव्ह साधारण ४ ॲम्पिअर देतात, म्हणजे मेळ बसतो. जुन्या, जास्त करंट ओढणाऱ्या मोटरीला एक आकार मोठा घेतलेला बरा. ०.७५ किलोवॅटचा ड्राइव्ह घराच्या वायरिंगमधून पूर्ण लोडवर १० ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. २ एचपीला हा आकडा १५ च्या पुढे जातो आणि १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला काही वाव उरत नाही. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज देणाऱ्या बेस्टकडे आपला मंजूर लोड किती आहे, ते आधी तपासावे. जुन्या चाळीतले वायरिंग असेल, तर मशीनसाठी मीटरच्या पेटीपासून वेगळी लाइन आणि पक्के अर्थिंग हवेच. ड्राइव्हचा एक फायदा मात्र लगेच जाणवतो: थेट चालू केलेली मोटर पहिल्या क्षणी पाच-सात पट करंट ओढते आणि दिवे मंदावतात, ड्राइव्ह तिला हळूहळू वेग देत असल्याने हा झटका बसत नाही.

ड्राइव्ह आला म्हणून पुल्या काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. १ एचपीची मोटर पूर्ण वेगाला सुमारे ५ न्यूटन-मीटर पीळ देते. पट्टा लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर टाकून स्पिंडल ४०० फेऱ्यांवर आणला, तर तोच पीळ १८ न्यूटन-मीटर होतो आणि पूर्ण १ एचपी कटरपर्यंत पोचते. पट्टा न हलवता ड्राइव्ह १४ हर्ट्झवर आणला, तर फेरे तेवढेच मिळतात, पण पीळ ५ चा ५ राहतो आणि कामाची शक्ती चौथाईवर येते. वर दिलेली २० मिलिमीटरची एंडमिल लोखंडात गेली की स्पिंडल अडकतो. म्हणून पट्ट्याच्या दोन-तीन जागा राखाव्यात आणि त्यांच्यामधला वेग ड्राइव्हने साधावा. ५० हर्ट्झच्या वर शक्ती जवळपास तेवढीच राहते, पीळ उतरतो. बारीक कटरला ते चालते, पण स्पिंडलच्या बेअरिंगची मर्यादा ओलांडू नये. उलट २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवायचे असेल, तर शाफ्टवरचा पंखा पुरेशी हवा देत नाही. तिथे वेगळ्या विजेवरचा पंखा लावावा लागतो.

जोडणीत एक नियम मोडायचा नाही: ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कोणताही स्विच ठेवायचा नाही. मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मधोमध राहिला आणि चालू मोटरवर फिरवला गेला, तर ट्रान्झिस्टर उडतात. तोच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांवर आणला, की सवयीचा हातही राहतो आणि धोकाही टळतो. टॅपिंग करताना उलट फिरवण्याची सोय तिथूनच मिळते. लाल इमर्जन्सी बटण हाताशी असावे. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगमध्ये जात असल्यामुळे घरचा आरसीसीबी कधी कधी विनाकारण पडतो. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणे जिवावर बेतू शकते. ड्राइव्हच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी त्या लाइनवर बसवावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दाब उरतो. म्हणून पुस्तिकेत दिलेली काही मिनिटे थांबून, मीटरने तपासून मगच झाकण उघडावे.

मुंबईची हवा ड्राइव्हला मानवत नाही. पावसाळ्यातली दमट, खारट हवा सर्किट बोर्डावर बसते, आणि उघड्या जाळीतून आत गेलेला धातूचा बारीक कीस शॉर्ट करतो. ड्राइव्ह मशीनपासून बाजूला, भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत, चारही बाजूंनी हवा खेळेल एवढी जागा सोडून लावावा. पेटीला फिल्टर हवा. ड्राइव्ह मोटरची शिट्टीसारखी किणकिणही ऐकवतो आणि चाळीच्या पातळ भिंतींतून ती शेजारी पोचते. ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्याचा वेग, म्हणजे कॅरिअर फ्रीक्वेन्सी, ८ ते १० किलोहर्ट्झपर्यंत चढवली की आवाज बराच दबतो, मात्र ड्राइव्ह जास्त तापतो.

लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडवर डेल्टा, सीमेन्स, श्नायडर अशा कंपन्यांचे लहान सिंगल फेज ड्राइव्ह मिळतात; घरच्या कामाला यांतले कोणतेही चालतात. पुस्तिका आणि दुरुस्तीची सोय पाहून निवड करावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेला स्वस्त माल घेताना कपॅसिटरची काळजी घ्यावी. त्यांना एकदम पूर्ण व्होल्ट न देता व्हेरिॲकने हळूहळू चढवत नेतात.

बसवल्यावर आधी नेमप्लेटवरचे आकडे भरायचे: व्होल्ट डेल्टाचे, ॲम्पिअर डेल्टाचे, हर्ट्झ आणि फेरे. व्हेक्टर कंट्रोलची सोय असेल, तर ऑटो-ट्यूनिंग करून घ्यावे. कमी वेगाला जोर सुधारतो. वेग घ्यायला दोन-तीन सेकंद आणि थांबायला तेवढेच ठेवून सुरुवात करावी. थांबताना ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप येत असेल, तर फिरत्या मोटरमधून परत येणारी शक्ती कपॅसिटरना पेलवत नाही, असे समजावे. तेव्हा थांबण्याचा वेळ वाढवावा, आणि झटपट थांबणे गरजेचेच असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर जोडता येणारे मॉडेल घ्यावे.