म्हैसूरचें नभोवाणी-केंद्र व त्याचे कागद

म्हैसूर येथें दिनांक १० सप्टेंबर १९३५ रोजीं सुरू झालेलें खासगी नभोवाणी-केंद्र हा ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा विषय नव्हे. तथापि त्या केंद्राच्या इतिहासांत साधनांचा जो प्रश्न उत्पन्न होतो, तो मात्र आपल्या नित्याच्याच परिचयाचा आहे. म्हणून हें टिपण.

प्रथम वृत्त. मुंबई व कलकत्ता येथें १९२७ सालीं केंद्रें काढणारी कंपनी १९३० सालीं बुडाली व तीं केंद्रें सरकारास चालवावीं लागलीं. ज्या उद्योगांत भांडवलवाले टिकले नाहींत, त्यांत पांच वर्षांनीं म्हैसूरच्या महाराजा कॉलेजांतील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम्. व्ही. गोपाळस्वामी ह्यांनीं हात घातला. 'विठ्ठल विहार' ह्या आपल्या राहत्या घरींच त्यांनीं ३० वॅट शक्तीचें प्रेषकयंत्र बसविलें. मुंबईचें यंत्र १५०० वॅटचें होतें. म्हणजे म्हैसूरची शक्ति त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकीच. पुढें २५० वॅटचें यंत्र आलें, केंद्र संस्थान-सरकारकडे गेलें, १ एप्रिल १९५० रोजीं मध्यवर्ती सरकारच्या ताब्यांत आलें, व १९५५ सालीं बंगलोरास हलविण्यांत आलें. म्हैसुरांत पुन्हां केंद्र झालें तें १९७४ सालीं.

ह्या केंद्राचें नांव 'आकाशवाणी' होतें. तेंच नांव १९५० नंतरच्या दशकांत सबंध देशाच्या नभोवाणी-संस्थेनें स्वीकारलें. तें कोणीं योजिलें ह्याविषयीं दोन परंपरा आहेत : एक खुद्द गोपाळस्वामींस मान देते, दुसरी त्यांचे म्हैसुरांतील स्नेही ना. कस्तुरी ह्यांस. भागवताच्या दशमस्कंधांत कंसास मृत्यूची सूचना देणाऱ्या वाणीस 'अशरीर वाक्' म्हटलें आहे. कीर्तनकार तिलाच आकाशवाणी म्हणतात. शरीर नाहीं म्हणजे मागें उरणारें कांहीं नाहीं. त्या काळीं बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्ष बोलूनच होत. तबकडीवर ध्वनि उतरविणें खर्चाचें होतें. बोललेला शब्द त्याच क्षणीं संपला.

तेव्हां नांवाचा वाद मिटावयाचा तो मागाहून लिहिलेल्या आठवणींनीं नव्हे. बखरीपेक्षां तत्कालीन पत्र अधिक प्रमाण, हा आपला नियम येथेंहि लागू आहे. नांव व तारीख दोन्हीं असलेलें एखादें छापील निमंत्रण, एखादा पत्रव्यवहाराचा कागद, एखादी वर्तमानपत्रांतील सूचना, ह्यांपैकीं एकाचें वजन दहा आठवणींहून अधिक.

नभोवाणीच्या इतिहासाचे असे कागद कोणते? भाषणांच्या हस्तलिखित संहिता, रोजच्या नोंदवह्या, गवयांस पाठविलेलीं बोलावणीं व त्यांत लिहिलेली बिदागी, श्रोत्यांचीं पत्रें, छापील कार्यक्रमपत्रिका, व पूर्वीं टपालकचेरींतून मिळणारीं रेडिओ-परवान्यांचीं पुस्तकें. ह्यांत संहिता सर्वांत मोलाची. सरकारी केंद्रांवर भाषण आधीं लिहून द्यावें लागे. तें तपासलें जाई. जेथें लेखकाचें एक व तपासणाराचें दुसरें अशीं दोन हस्ताक्षरें दिसतील, तेथें खोडलेली ओळ अवश्य वाचावी. काय बोललें गेलें इतकेंच नव्हे, तर काय बोलूं दिलें नाहीं हेंहि तीच सांगते.

हा प्रश्न म्हैसूरपुरताच नाहीं. त्याच १ एप्रिल १९५० रोजीं निजामाच्या राज्यांतील औरंगाबादचें केंद्रहि मध्यवर्ती सरकारकडे आलें; त्याचे कागद मराठवाड्यांतील घरांतूनच शोधावयास हवेत. आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना मोडी नाहीं व शिक्का नाहीं एवढ्याच कारणानें असा कागद रद्दींत टाकूं नये. कागद कोठें व कोणत्या कागदांसोबत सांपडला हें लिहून ठेवावें, व गठ्ठा फोडूं नये. मोडी कागद दोनशें वर्षें टिकले, कारण ते घोटीव हातकागदावर काळ्या शाईनें लिहिलेले होते. विसाव्या शतकांतील यंत्रकागद मात्र आम्लामुळें पिवळे पडून हातांत तुटतात. पेशव्यांच्या पत्रांस आणखी एक पिढी थांबतां येईल. ह्यांस येणार नाहीं.