अठरा हालचालींचा हिशेब

वीट ही हजारो वर्षांची जुनी वस्तू. परंतु ती रचताना गवंड्याच्या देहाला किती निरर्थक कष्ट पडतात, याचा पद्धतशीर तपास करण्याची बुद्धी अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थास झाली. १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो गवंडीकाम शिकण्यास राहिला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, उस्ताद शिकविताना एक रीत दाखवितो, स्वतः काम करताना दुसरी आणि घाई असली की तिसरीच! प्रत्येक विटेसाठी गवंडी पायाशी वाके, तिची चांगली कड शोधण्यासाठी ती हातात फिरवी, आणि रचल्यावर थापीने ठोकून बसवी. एकंदर हालचाली अठरा.

हात चपळ चालवा, असा हुकूम गिलब्रेथने सोडला नाही. कोणती हालचाल वर्ज्य, एवढेच त्याने ठरविले. विटांचा व चुन्याचा फळा परांचीवर हाताच्या उंचीला आणताच वाकणे गेले. विटा निवडून, चांगली कड एका अंगास करून ठेवण्याची तजवीज होताच फिरविणे गेले. आणि चुना असा बेताने कालविला की, नुसत्या हाताच्या दाबाने वीट बसावी, त्यामुळे ठोकणेही गेले. अठरांच्या पाच झाल्या. व्यवस्थापनतज्ज्ञ फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे, ताशी १२० विटांच्या जागी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या. अर्थात हे निवडक आणि नव्या रीतीत मुरलेले गवंडी होते; शिवाय विटा निवडण्याचे काम नाहीसे झाले नव्हते, ते कमी मजुरीच्या बिगाऱ्याकडे वर्ग झाले होते, हे टेलरचा आकडा उद्धृत करणारे सोयीस्करपणे विसरतात.

इतकी उघड गोष्ट आपणांस सहजी का सुचत नाही, याचा उलगडा व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या, २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून काहीसा होतो. एकाच कोपऱ्यातील ठोकळ्यावर तोललेले खेळण्यातले छप्पर भक्कम करून दाखविणाऱ्यास एक डॉलर इनाम होते, आणि जोडलेल्या प्रत्येक ठोकळ्यामागे दहा सेंट कापले जात. तो एकुलता ठोकळा काढून टाकला, की छप्पर खालच्या थरावर आपोआप टेकत असे आणि इनाम अखंड पदरात पडत असे. तरी ही युक्ती केवळ ४१ टक्के लोकांनी योजली. ‘ठोकळे काढण्यास मात्र काही पडत नाही’ एवढी सूचना ज्यांना आगाऊ दिली, त्यांच्यात हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले. म्हणजे वजाबाकीचा लोकांना तिटकारा नसतो, तिची आठवण होत नाही.

तेव्हा उद्याच्या कामांची यादी लिहावयास बसाल, त्या वेळी ही सूचना कागदाच्या माथ्यावर लिहा, आणि तिच्याखाली पहिले नाव सोडून देण्याच्या कामाचे घाला.