डिस्क ग्रुपचे डीफ्रॅग: कशासाठी, कधी आणि किती जपून

स्टोरेज अ‍ॅरेमधल्या काही डिस्क एकत्र बांधून रेड ५ किंवा रेड ६ पद्धतीचा एक गट केला जातो. हा डिस्क ग्रुप. त्यातून हव्या त्या मापाची व्हॉल्यूम काढून सर्व्हरना दिली जातात. काही काळाने एखादे व्हॉल्यूम नकोसे होते, ते पुसले जाते आणि त्याच्या जागी मोकळा तुकडा उरतो. दोन-तीन वर्षे असे चालले की गटात जागा शिल्लक असते, पण विखुरलेली. मधली व्हॉल्यूम सरकवून ती जागा सलग करणे म्हणजे डिस्क ग्रुपचे डीफ्रॅग.

ही सोय मुख्यतः एलएसआय कंपनीच्या इंजेनिओ विभागाने घडवलेल्या अ‍ॅरेंमध्ये दिसते. डेलने ते पॉवरव्हॉल्ट एमडी३००० आणि त्यानंतरच्या एमडी मालिकेत आपल्या नावाने विकले, आयबीएमने डीएस३००० आणि डीएस४००० मालिकांत. २०११ मध्ये नेटअ‍ॅपने हा विभाग विकत घेतला आणि तीच परंपरा ई-सिरीज म्हणून पुढे चालवली. वंश एक असला तरी नावे निराळी आहेत: डेलच्या पुस्तिकेत डिस्क ग्रुप, नेटअ‍ॅपच्या व्हॉल्यूम ग्रुप, आयबीएमच्या नुसते अ‍ॅरे. उलट एचपीच्या ईव्हीए अ‍ॅरेतला किंवा ओरॅकलच्या एएसएममधला ‘डिस्क ग्रुप’ हे वेगळेच प्रकरण. तिथे डेटा सगळ्या डिस्कवर समान पसरवण्याचे काम यंत्रणा स्वतः करते. त्यामुळे एका कंपनीच्या अ‍ॅरेसाठी लिहिलेली कृती दुसऱ्यावर डोळे झाकून करून पाहण्यात धोका असतो.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की डीफ्रॅग केले की सर्व्हर वेगाने चालू लागतील. याचे मूळ घरच्या संगणकात आहे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये डीफ्रॅग ही आज्ञा आली, आणि विंडोज ९५ व ९८ च्या काळात पडद्यावर सरकणारे रंगीत चौकोन पाहत बसणे अनेकांच्या ओळखीचे झाले. तिथे फायदा खरा होता. एकाच फाइलचे तुकडे डिस्कवर दूरदूर पडले की वाचणाऱ्या हेडची धावाधाव होई. तुकडे जोडले की ती कमी होई. अ‍ॅरेच्या कंट्रोलरला मात्र फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसते. त्याला दिसतात फक्त व्हॉल्यूम आणि त्यांतले क्रमांकित ब्लॉक. डीफ्रॅगमध्ये तो एक अख्खे व्हॉल्यूम गटातल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो. व्हॉल्यूमच्या आत फाइल जितकी तुटलेली होती तितकीच ती नंतरही तुटलेली राहते. फिरत्या डिस्कवर बाहेरच्या कडेकडे सरकलेल्या व्हॉल्यूमला वाचनात किंचित लाभ होऊ शकतो, पण तेवढ्यासाठी कोणी हे काम काढत नाही, काढूही नये.

मग हे काम कधी लागते? एक नमुना घेऊन पाहता येईल. दोन-दोन टेराबाइटच्या आठ डिस्कचा रेड ५ गट. वापरायची जागा ढोबळमानाने १४ टेराबाइट. त्यात ओळीने पाच व्हॉल्यूम आहेत: हिशेबांचे ४ टेराबाइट, मेलचे २, फाइल सर्व्हरचे ३, चाचणीचे दीड आणि सीसीटीव्हीचे ३. शेवटी अर्धा टेराबाइट मोकळा. पुढे मेल क्लाउडवर गेला, चाचणीचे काम संपले, आणि ती दोन्ही व्हॉल्यूम पुसली गेली. आता मोकळी जागा झाली ४ टेराबाइट. नव्या डेटाबेससाठी ३ टेराबाइटचे व्हॉल्यूम मागितले, तर अ‍ॅरे ते देत नाही. मोकळे तुकडे आहेत २, १.५ आणि ०.५ टेराबाइटचे, आणि या अ‍ॅरेंमध्ये नवे व्हॉल्यूम एकाच सलग तुकड्यात बसावे लागते. गाडीत एकूण चार जागा मोकळ्या असूनही चौघांना शेजारीशेजारी बसता येत नाही, तसेच हे. ‘एकूण शिल्लक जागा’ हा आकडा पाहून निर्णय घेणारे इथे फसतात. पाहायचा आकडा असतो सर्वांत मोठ्या सलग तुकड्याचा.

याच नमुन्यात काम किती आहे तेही दिसते. हिशेबांचे व्हॉल्यूम सुरुवातीलाच असल्याने त्याला हात लावायची गरज नाही. फाइल सर्व्हर आणि सीसीटीव्ही ही दोन व्हॉल्यूम मागे सरकली की चारही टेराबाइट शेवटी सलग होतात. म्हणजे ६ टेराबाइट डेटा वाचायचा, नव्या जागी लिहायचा आणि पॅरिटी नव्याने मांडायची. नेहमीचे काम सांभाळून कंट्रोलरने सेकंदाला ५० मेगाबाइट सरकवले तर सुमारे ३३ तास लागतील. २० मेगाबाइटच जमले तर साडेतीन दिवसांच्या आसपास. मोकळी जागा किती यावर वेळ ठरत नाही, मध्ये अडकलेला डेटा किती यावर ठरतो. अर्ध्या टेराबाइटच्या भोकापुढे दहा टेराबाइटचे व्हॉल्यूम बसले असेल, तर दहाच्या दहा हलवावे लागतात.

पुढचा गैरसमज खरोखर महागात पडणारा आहे: ‘सुरू करून बघू, सर्व्हर मंदावले तर थांबवू.’ या अ‍ॅरेंमध्ये डिस्क ग्रुपचे डीफ्रॅग एकदा सुरू झाले की रद्द करता येत नाही. संपेपर्यंत त्या गटाच्या रचनेत दुसरा बदलही करता येत नाही. नवे व्हॉल्यूम नाही, रेडची पातळी बदलणे नाही, डिस्क वाढवणे नाही. हातात राहतो तो प्राधान्याचा खटका. बदलाच्या कामाला किती जोर द्यायचा याच्या सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अशा पाच पायऱ्या असतात. पायरी खाली आणली की सर्व्हरचे काम सुरळीत चालते, पण डीफ्रॅग लांबते. वर नेली की काम लवकर उरकते आणि त्या दिवसांत वापरणाऱ्यांच्या तक्रारी वाढतात. म्हणून मुहूर्त महत्त्वाचा. मार्चअखेरीच्या आठवड्यात, पगाराच्या दिवशी किंवा रात्रीच्या बॅकअपला आधीच वेळ पुरत नसताना हे काम काढणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

याच्या नेमकी उलट भीतीही असते, की सगळे सर्व्हर बंद केल्याशिवाय हे करताच येत नाही. तसे नाही. डेटा सरकत असताना वाचन-लेखन चालूच राहते. सर्व्हरला व्हॉल्यूमचे ब्लॉक-क्रमांक तेच दिसतात. आतल्या जागेचा नकाशा फक्त कंट्रोलर बदलतो. ड्राइव्हचे अक्षर, माउंटची जागा, डेटाबेसच्या फायली यांतले काहीच बदलत नाही. गती मंदावते, एवढेच.

त्यावरून काही जण एकदम दुसऱ्या टोकाला जातात. गट रेडचा आहे, काम चालू यंत्रणेवर होते, मग बॅकअप कशाला? रेड ५ एका डिस्कची पडझड सोसतो, रेड ६ दोन डिस्कची, रेड ० एकीचीही नाही. डीफ्रॅगमध्ये महिनोन्‌महिने कोणी न वाचलेले भागही वाचले जातात, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर तिथेच न वाचता येणारी सेक्टर दडलेली असतात. गट धडधाकट असेल तर पॅरिटीवरून तो भाग पुन्हा काढता येतो. पण एक डिस्क आधीच गेलेली असेल आणि उरलेल्या एखादीवर असे सेक्टर निघाले, तर रेड ५ कडे त्यावर उत्तर नसते. धोका डीफ्रॅगच्या क्रियेत फारसा नसतो. ती सुरू करताना गट कोणत्या अवस्थेत होता, यावर बहुतेक सगळे ठरते.

म्हणून कळ दाबण्याआधीच्या तपासणीला डीफ्रॅगइतकाच वेळ दिला तरी तो वाया जात नाही. गटातली सर्व व्हॉल्यूम ‘ऑप्टिमल’ दिसली पाहिजेत. कोणतीही डिस्क पुन्हा भरली जात नसावी, आणि हॉट स्पेअर कुणाच्या जागी कामाला लागलेले नसून मोकळे असावे. ‘बिघाडाची शक्यता’ असा इशारा देणारी डिस्क आधी बदलावी, तिची भरणी पूर्ण होऊ द्यावी, मगच पुढे जावे. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या मीडिया स्कॅनची एक फेरी पूर्ण झालेली असेल तर उत्तम. या फेरीला महिनाभराचाही अवधी दिलेला असू शकतो, त्यामुळे ती ‘चालू आहे’ एवढे पाहून भागत नाही, शेवटची फेरी कधी संपली ते पाहावे लागते. दोन्ही कंट्रोलर चालू, कॅशच्या बॅटऱ्या ठीक, यूपीएस तपासलेला. बॅकअप घेतलेला तर हवाच, पण त्यातून एखादे फोल्डर खरोखर परत काढून पाहिलेले असावे. न तपासलेला बॅकअप ही नुसती आशा असते. अ‍ॅरेची रचना आणि सपोर्टसाठी लागणारी माहिती एका फाइलमध्ये साठवून ती अ‍ॅरेच्या बाहेर ठेवावी. काम संपेपर्यंत फर्मवेअर बदलणे आणि डिस्क काढून-घालून पाहणे पूर्ण वर्ज्य.

सर्व्हरवरच्या विंडोजचे डीफ्रॅग चालवले की अ‍ॅरेतली जागाही जोडली जाते, हा समज वरवर निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून नवे दुखणे उद्भवते. विंडोज फायली व्हॉल्यूमच्या आत हलवते, म्हणजे अ‍ॅरेच्या नजरेने हजारो ब्लॉक नव्याने लिहिले जातात. त्या व्हॉल्यूमवर जुने ब्लॉक आधी बाजूला नोंदवून ठेवणारा स्नॅपशॉट असेल, तर त्याची राखीव जागा भराभर भरते आणि ती संपली की स्नॅपशॉट निकामी होऊ शकतो. व्हॉल्यूम थिन पद्धतीचे, म्हणजे लिहिले जाईल तशी सामायिक पूलमधून जागा घेणारे, असेल तर आतापर्यंत न वापरलेले ब्लॉक वापरात येतात आणि पूलमधली जागा उगाच खर्ची पडते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ‘ऑप्टिमाइझ’ ही सोय थिन व्हॉल्यूम ओळखते आणि मोकळे ब्लॉक अ‍ॅरेला परत कळवण्याचे काम करते. त्याआधीच्या सर्व्हरवर ही जाण नाही. अ‍ॅरेच्या पातळीवरचे डीफ्रॅग स्नॅपशॉटला असे छळत नाही, कारण व्हॉल्यूमचे आतले क्रमांक जागचे हलतच नाहीत.

एसएसडीच्या गटाला डीफ्रॅग लागत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. वेगासाठी लागत नाही. तिथे हेडच नाही. पण नवे व्हॉल्यूम सलग तुकड्यातच बसवायचे हा कंट्रोलरचा नियम एसएसडीलाही लागू आहे, आणि भोके तिथेही पडतात. फक्त सरकवलेला प्रत्येक टेराबाइट एसएसडीच्या लिहिण्याच्या मर्यादित आयुष्यातून वजा होतो.

दर तिमाहीला देखभाल म्हणून डीफ्रॅग करावे, ही सूचनाही काही कार्यालयांच्या वेळापत्रकात चिकटलेली आढळते. ती काढून टाकावी. मोठ्या सलग जागेची गरज नसेल तर गटात भोके असण्याने काहीच बिघडत नाही. गरज असली तरी आधी इतर वाटा पाहाव्यात. वरच्या नमुन्यात सर्व्हरवरच्या एलव्हीएमने २ आणि दीड टेराबाइटची दोन व्हॉल्यूम जोडली तर साडेतीन टेराबाइट लगेच मिळतात आणि कोणताही डेटा हलत नाही. मात्र स्नॅपशॉट घेताना दोन्ही एकाच क्षणी टिपली जातील याची काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या गटात जागा असेल तर नवे व्हॉल्यूम तिथे काढणे सर्वांत सोपे. मध्ये अडकलेले व्हॉल्यूम दुसऱ्या गटात कॉपी करून जुने पुसणेही चालते, आणि ही कॉपी मध्येच थांबवता येते. हा फायदा लहान नाही.

ई-सिरीजच्या डायनॅमिक डिस्क पूलमध्ये हा प्रश्नच उरलेला नाही. किमान ११ डिस्कच्या अशा पूलमध्ये व्हॉल्यूम ५१२ मेगाबाइटच्या तुकड्यांत सगळ्या डिस्कवर विखरून ठेवले जाते. दहा तुकड्यांचा एक पट्टा, त्यात आठ तुकड्यांइतका डेटा आणि दोन तुकड्यांइतकी पॅरिटी. व्हॉल्यूम पुसले की त्याचे तुकडे पूलमध्ये परत जातात आणि ते सलग असण्याची अट नसते. त्यामुळे पूलमध्ये डीफ्रॅगचा पर्याय शोधणाऱ्याला तो सापडत नाही. रेडच्या जुन्या गटांवर मात्र तो अजून आहे, आणि ज्या गटातली एखादीही डिस्क संशयास्पद आहे तिथे त्याला हात न लावणेच योग्य.